मायटोकाँड्रिया आईकडून येतात, मग वडिलांचा आजार मला कसा?

परभणी जिल्ह्यातल्या एका ३४ वर्षांच्या शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांचे वडील ६१ वर्षांचे. चाळिशीच्या आसपास दोन्ही पापण्या खाली यायला लागल्या. आता बुबुळं कोणत्याच बाजूला नीट फिरत नाहीत आणि जिना चढताना मांड्या भरून येतात. पाच वर्षं मायस्थेनियाच्या (नसांचा संदेश स्नायूंपर्यंत नीट न पोचण्याच्या आजाराच्या) गोळ्या चालल्या, गुण आला नाही. शेवटी मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला, तेव्हा रिपोर्टात ‘मायटोकाँड्रियल डीएनएमध्ये अनेक डिलिशन्स’, म्हणजे डीएनएचे तुकडे ठिकठिकाणी गळालेले, असं आलं. जनुकांच्या तपासणीत ट्विंकल नावाच्या जनुकात एक बदल सापडला आणि त्यापुढे ‘महत्त्व अनिश्चित’ असा शेरा आहे. आत्याच्याही पापण्या पडतात. वारलेल्या आजोबांच्या एकुलत्या एका फोटोतही डोळे तसेच अर्धे मिटलेले दिसतात. ते विचारतात: मायटोकाँड्रिया तर फक्त आईकडून येतात असं वाचलं, मग मी आणि माझी बहीण सुटलो ना? बहिणीचं आत्याच्या मुलाशी जवळजवळ ठरलंय, त्याला काही अडचण आहे का? आणि वडिलांना औषध काय?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आधी देतो, कारण घरात त्यावरच झोप उडाली असणार. आईकडून येण्याच्या नियमावर विसंबून तुम्ही दोघं सुटलात असं म्हणता येत नाही. आणि लग्नाची बोलणी सध्या थांबवा. मोडू नका, चार-सहा महिने थांबवा. का ते सविस्तर सांगतो.

मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं. त्यांचा स्वतःचा छोटा गोल डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा. तो आईकडूनच येतो, इथपर्यंत तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. पण त्या ३७ जनुकांतून प्रथिनं बनतात फक्त १३. मायटोकाँड्रियाला लागणारी बाकीची हजाराहून अधिक प्रथिनं पेशीकेंद्रातल्या नेहमीच्या जनुकांवरून बनतात, आणि ती जनुकं आई-वडील दोघांकडून येतात. मायटोकाँड्रियाच्या डीएनएच्या नकला काढणारी यंत्रणासुद्धा त्यातच आली.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. मूळ उतारा आईकडून आला आणि तो स्वच्छ आहे. पण त्याच्या नकला उतरवून काढणारा कारकून आई-वडील दोघांच्या घरून येतो. कारकूनच ओळी गाळणारा निघाला, तर मूळ कागद चांगला असूनही दर नकलेत कुठे ना कुठे काही सुटतं. एका नकलेत हा गट नंबर नाही, दुसरीत तो खातेदार नाही. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टातल्या ‘अनेक डिलिशन्स’चा अर्थ हाच. मूळ कागदच फाटका असता तर सगळ्या नकलांत एकच ओळ गायब दिसली असती. त्याला आम्ही एकच मोठं डिलिशन म्हणतो, आणि तो वेगळा आजार आहे.

हा फरक कळायला वैद्यकशास्त्रालाही वेळ लागला. १९८८ मध्ये लंडनमध्ये होल्ट, हार्डिंग आणि मॉर्गन-ह्यूज यांनी अशा रुग्णांच्या स्नायूतल्या मायटोकाँड्रियल डीएनएचे तुकडे गळालेले पहिल्यांदा दाखवले. पुढच्याच वर्षी इटलीतल्या झेव्हियानी यांच्या गटाने एक कुटुंब मांडलं. त्यात डिलिशन्स अनेक होती आणि आजार बापाकडूनही पुढे जात होता. त्यावरून कळलं की दोष नकलाकारात आहे. मग २००० मध्ये एएनटी-१ आणि २००१ मध्ये ट्विंकल आणि पोलजी ही जनुकं सापडली. ट्विंकल हे प्रथिन डीएनएचा पीळ उलगडतं, म्हणजे पुढचं वाचता येतं. पोलजी प्रत्यक्ष नक्कल लिहितं. पेशीत ट्विंकलचे ठिपके चांदण्यांसारखे लुकलुकताना दिसले, म्हणून त्याचं नाव तसं पडलं.

तुमच्या घराकडे आता पुन्हा पाहा. आजोबा, मग वडील आणि आत्या. आजोबा पुरुष होते, म्हणजे त्यांच्याकडून मायटोकाँड्रियाचा डीएनए कुणालाच आलेला नाही. तरीही आजार पुढच्या पिढीत आला. आजोबांचा तो एक फोटो माझ्या दृष्टीने अर्धं निदान आहे.

फोटोंवर माझा फार जीव आहे, म्हणून थोडं थांबतो. छत्रपती संभाजीनगरात न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करताना पापण्या पडलेल्या प्रत्येक पेशंटला मी पुढच्या वेळी जुने फोटो आणायला सांगतो. जालना जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने टेबलावर चार कागद ओळीने मांडले होते: दहावीचं हॉल तिकीट, लग्नाचा फोटो, मतदार कार्ड, आधार. हॉल तिकिटावर डोळे पूर्ण उघडे. लग्नात बाशिंगाखाली डाव्या पापणीने बुबुळाची वरची कड झाकलेली. मतदार कार्डावर दोन्ही भुवया वर ओढलेल्या, कपाळावर तीन आठ्या. आधारवर हनुवटी वर उचललेली, मान मागे, पापणीच्या फटीतून तो कॅमेऱ्याकडे बघतोय. वीस वर्षांत काहीही अचानक घडलेलं नव्हतं आणि कधी एकाचे दोन दिसले नव्हते. तो म्हणाला, “लोकं म्हणतेत, सकाळीच ढोसून बसलाय.” सोयरीक जमवताना पोराला ते ऐकावं लागलं होतं, याचं त्याला आजारापेक्षा जास्त लागलं होतं. या माणसाला मीही आधी दीड वर्ष मायस्थेनियाच्या गोळ्या दिल्या होत्या. फोटो पहिल्या दिवशी मागितले असते तर ते दीड वर्ष वाचलं असतं.

मायस्थेनियात पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी जड असते, एक डोळा जास्त, एक कमी, आज आहे, उद्या नाही, आणि एकाचे दोन दिसतात. वडिलांच्या आजारात दोन्ही डोळे जवळजवळ सारखेच आणि इतक्या हळू जखडतात की दोन प्रतिमांची फारकत बहुतेकांना जाणवतच नाही. पेशंट डोळे फिरवायचं सोडून मान फिरवायला लागतो आणि ते त्यालाच कळत नाही. घरच्यांना विचारावं लागतं. वडील मोटारसायकलवर मागचं बघताना अख्खं अंग वळवतात का? जेवताना ताटात बघायला मान खाली घालतात का? उत्तर बहुतेक वेळा हो असतं. याच वयात पापण्या पडून घास अडकायला लागला असेल, तर ऑक्युलोफॅरिंजिअल डिस्ट्रॉफी हा तिसरा, वेगळा आजारही डोक्यात ठेवावा लागतो. तो पीएबीपीएन-१ या जनुकाचा आहे आणि त्याची रक्ततपासणी साधी आहे. वडिलांच्या स्नायूत अनेक डिलिशन्स सापडली आहेत, त्यामुळे तुमच्यासाठी तो विषय मागे पडतो.

मायस्थेनियाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांनी सुरू केल्या त्या डॉक्टरांना बायोप्सीचा रिपोर्ट दाखवा, ते ठरवतील.

‘रक्तात काही नाही, स्नायूत मात्र आहे, हे कसं?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण कुणीतरी विचारेलच. रक्तातल्या पेशी सतत नव्या होतात, त्यामुळे खराब नकला वाहून जातात. स्नायूतल्या पेशी आयुष्यभर त्याच राहतात, म्हणून गाळलेल्या ओळींच्या नकला तिथे वर्षानुवर्षं साचतात. तोकडी नक्कल लवकर उतरवून होते, हेही एक कारण मानलं जातं. हा आजार चाळिशीत दिसू लागतो तो यामुळे, आणि डोळ्यांच्या स्नायूंना आधी धरतो कारण ते दिवसभर क्षणभरही थांबत नाहीत आणि त्यांची ऊर्जेची भूक मोठी असते. बायोप्सीत खास रंग दिल्यावर असे तंतू कडेने लाल, फाटक्या कापडासारखे दिसतात. काही तंतूंत ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमचा रंग चढतच नाही. साठीच्या निरोगी माणसातही असे दोन-चार तंतू वयामुळे सापडू शकतात, म्हणून रिपोर्टात ते किती आहेत हा आकडा बघावा लागतो. तो रिपोर्ट तुम्ही नीट जपून ठेवा.

आता ‘महत्त्व अनिश्चित’ या शेऱ्याकडे येतो. जनुकात एका अक्षराचा बदल सापडला आहे आणि तो आजाराला कारण आहे की घराण्याची एक निरुपद्रवी खूण आहे, हे प्रयोगशाळेला अजून ठरवता आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मराठवाड्यातल्या कुटुंबांत हा शेरा वारंवार येतो, कारण तुलनेसाठी आपल्याकडच्या लोकांची जनुकीय माहिती अजून कमी आहे. हा शेरा बघून कुणी लग्न मोडू नये आणि कुणी निर्धास्तही होऊ नये.

पुढचं काम प्रयोगशाळेपेक्षा घरच्यांनी करायचं आहे. आत्याचं रक्त द्या, आणि फक्त त्याच एका बदलासाठी तपासा. ही तपासणी पूर्ण जनुकसंचाच्या तपासणीपेक्षा खूप स्वस्त पडते. वडिलांचे सत्तरीतले एखादे भाऊ ठणठणीत असतील, पापण्या आणि डोळ्यांची हालचाल न्यूरॉलॉजिस्टने तपासून चांगली ठरली असेल, तर त्यांचंही द्या. आत्याच्या रक्तात बदल सापडला आणि ठणठणीत काकांच्या रक्तात नाही, तर त्या बदलाकडे बोट वळतं. उलट आत्यात तो नसेल, तर ट्विंकल सोडून दुसरीकडे शोधावं लागेल. माझ्या अनुभवात अशा घरांत सगळ्यात अवघड असतं काकांना सुई टोचून घ्यायला राजी करणं, कारण ते म्हणतात, ‘मला काय झालंय?’ त्यांना सांगा की तुम्हाला काही झालेलं नाही, म्हणूनच तुमचं रक्त मोलाचं आहे.

तुमची स्वतःची तपासणी आत्ता करू नका. बदलाचा अर्थच ठरलेला नसताना तो तुमच्यात आहे की नाही हे कळून फक्त काळजी वाढेल. तो दोषी ठरला, तर तुम्हा दोघा भावंडांना प्रत्येकी ५० टक्के शक्यता आहे. मग तपासायचं की नाही हे जेनेटिक समुपदेशकाशी बसून तुम्ही ठरवायचं, सासरच्यांनी किंवा शाळेतल्या सहकाऱ्यांनी नाही. आणि एक धीराची गोष्ट: वडिलांसारखा, म्हणजे आई-वडिलांकडून एकेक आलेल्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकाच प्रतीत बदल असलेला ट्विंकलचा आजार बहुतेकांत पापण्या, डोळे आणि थोडा स्नायूंचा अशक्तपणा इथवरच राहतो. माणूस नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो.

तरीही मी बहिणीचं लग्न थांबवायला सांगितलं, त्याचं कारण आत्याच्या मुलाशी ठरलंय हे आहे. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे, आणि मी तिच्याविरुद्ध सरसकट बोलत नाही. बहुतेक घरांत त्यात काही बिघडत नाही. पण तुमच्या घरात वडील आणि आत्या दोघंही आजारी आहेत. बदल दोषी असेल, तर तो बहिणीत असण्याची शक्यता निम्मी आणि आत्याच्या मुलात असण्याचीही निम्मी. दोघांत असला, तर दर बाळाला चारात एक शक्यता की दोन्हीकडून एकेक बिघडलेली प्रत येईल. आज काहीच तपासलेलं नसताना हिशेब सोळात एक असा येतो. ट्विंकलच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर होणारा आजार वडिलांसारखा नसतो. फिनलंडमध्ये अशी मुलं बरीच सापडली: पहिलं वर्ष बरं जातं, मग तोल जायला लागतो, ऐकू येणं कमी होतं, डोळे फिरत नाहीत, पुढे फिट्स. जगात इतरत्र काही बाळांत यकृतही गेलेलं आहे. कोणत्या बदलाने किती तीव्र आजार होतो हे बदलागणिक वेगळं असतं, पण सोळात एक हा आकडा न सांगता तुम्हाला पुढे पाठवणं मला जमणार नाही. आत्याचा आणि काकांचा रिपोर्ट आला की चित्र बदलेल. कदाचित बदल निरुपद्रवी निघेल आणि खरं कारण शोधायचं राहील. कदाचित तो दोषी ठरेल, आणि मग मुलगा-मुलगी दोघांनी तपासून घेतलं तर एक जरी त्यातून मोकळा असला तरी बाळाला दोन बिघडलेल्या प्रती येण्याचा हा धोका उरणार नाही. आत्याला हे सांगताना ‘तुमच्या रक्तात दोष’ असे शब्द वापरू नका. ‘आपल्या आजोबांकडून आलेली गोष्ट आहे, दोन्ही घरांची आहे,’ असं म्हणा, आणि ते खरंही आहे.

ट्विंकलच का, दुसरं काही का नाही, हेही थोडं सांगतो. पापण्या आणि डोळे हे लक्षण अनेक जनुकांत सारखंच असतं, ओळख पटते ती सोबतच्या दुसऱ्या लक्षणावरून. पायांना बधिरपणा, अंधारात तोल जाणं, हात थरथरणं, बाईची पाळी फार लवकर जाणं असं असेल तर मी पोलजीचा विचार करतो. ऐकू कमी येत असेल तर आरआरएम-२बी. नजरच लहानपणापासून मंद असेल तर ओपीए-१. पाय ताठरून चाल बिघडली असेल तर एसपीजी-७. माणूस काडीसारखा वाळलेला, सतत पोट फुगणं, उलट्या, जुलाब, आणि मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरा भाग बदललेला, तर टीवायएमपी. त्याचा निर्णय रक्तातल्या थायमिडीनच्या पातळीवरून होतो आणि तो आजार चुकून आतड्यांच्या टीबीत खपतो, म्हणून मुद्दाम नाव घेतलं. टीवायएमपी आणि टीके-२ यांत दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, म्हणून नात्यातल्या लग्नाच्या घरांत मी त्यांच्याकडे आधी बघतो. टीके-२ चं नाव लक्षात ठेवा असं मी ज्युनिअर डॉक्टरांना नेहमी सांगतो, कारण या सगळ्यात जनुकाच्या कामावर थेट बेतलेलं औषध, न्यूक्लिओसाइडचं (डीएनए बनवायच्या कच्च्या मालाचं), तिथे तयार झालं आहे.

वडिलांच्या उपचारात तीन गोष्टी लगेच करा.

ईसीजी काढा आणि दरवर्षी काढत राहा. ट्विंकलमध्ये काहींचं हृदयही बिघडतं, आणि पापण्या पडलेल्या माणसाचा ईसीजी न काढता त्याला घरी पाठवू नये, हा माझा नियम आहे. बीड जिल्ह्यातली एक १६ वर्षांची मुलगी पापणीच्या ऑपरेशनसाठी निघाली होती. उंची कमी, आणि संध्याकाळ झाली की अंगणातल्या वस्तूंना अडखळायची. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मिरी पूड भुरभुरल्यासारखे डाग होते आणि ईसीजीत वरच्या कप्प्याचा संदेश खालच्या कप्प्यात अडखळत पोचत होता. ही कर्न्स-सेअर अवस्था, १९५८ मध्ये वर्णन झालेली. तिच्यात एकच मोठं डिलिशन असतं आणि ते सहसा घराण्यात कुणालाच नसतं. अशा बाईच्या बाळाला ते येण्याचा धोका साधारण २४ मध्ये एक. मुलीला पेसमेकर बसला. पापण्यांचं नंतर बघितलं. संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाई, कुठल्याही सरकारी मेडिकल कॉलेजात हा साधा ईसीजी होतो.

दुसरं, औषधांची चिठ्ठी करून वडिलांच्या खिशात ठेवा. घरात कुणाला फिट आली आणि जनुक अजून पक्कं झालेलं नसेल, तर सोडियम व्हॅल्प्रोएट नको. पोलजीच्या आजारात त्याने यकृत निकामी होऊन माणसं गेली आहेत. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक देण्याआधी डॉक्टरांना आजार सांगा. कसलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्यांना आदल्या दिवशी बायोप्सीचा रिपोर्ट द्या.

तिसरं, पापण्या. ऑपरेशनची घाई करू नका. आपण झोपताना किंवा डोळे मिटताना बुबुळ वर सरकतं आणि पापणीच्या आड सुरक्षित होतं. वडिलांचं बुबुळ आता वर जात नाही. पापणी जास्त उचलली तर रात्री डोळा अर्धवट उघडा राहील, सोयाबीनच्या मळणीची धूळ आणि एप्रिल-मेचा वारा बुबुळाला सुकवेल, जखम होईल, आणि बघता येत होतं तेही जाईल. आधी चष्म्याच्या फ्रेमला आतून बारीक तारेचा आधार लावून बघा. चष्मेवाल्याला नमुना दाखवला तर तो बसवून देतो, पापणी त्या तारेवर टेकते. तेवढ्याने भागत नसेल तर कपाळाच्या स्नायूला सिलिकॉनच्या दोरीने पापणी बांधतात. ती कमीच उचलावी आणि दोरी पुढे सैल करता येते, हे सर्जनशी आधी बोलून घ्या. तोपर्यंत दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि झोपताना डोळ्यात मलम.

कोएन्झाइम क्यू-१० च्या महागड्या गोळ्यांबद्दल विचाराल म्हणून सांगतो: वडिलांच्या आजारात त्यांचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. परवडत असतील तर तीन महिने घेऊन बघा, जिना चढण्यात फरक पडला नाही तर थांबवा. त्यासाठी कर्ज काढू नका. त्यापेक्षा रोज अर्धा तास, बोलता येईल इतक्या वेगाने चालणं खऱ्या अर्थाने उपयोगी आहे. दमले की आराम द्यावा, पण घरी बसवून ठेवू नये. शेतात जाऊ द्या, एकटं रस्ता ओलांडायला मात्र नको, कारण त्यांना बाजूची गाडी मान वळवल्याशिवाय दिसत नाही.

भेटायला याल तेव्हा वडिलांसोबत आत्यालाही आणा. आजोबांचा तो फोटो, वडिलांचे वेगवेगळ्या वयातले फोटो, आणि बायोप्सीच्या प्रयोगशाळेकडून गोठवलेला स्नायूचा उरलेला तुकडा शिल्लक आहे का याची लेखी माहिती. तो असेल तर पुन्हा चिरा द्यावा लागणार नाही. काका आले तर फारच बरं. आणि बहिणीलाही येऊ द्या. लग्न तिचं आहे, सोळात एक म्हणजे काय हे तिला मी स्वतः समोर बसून समजावून सांगेन.